कोऱ्या रकान्यातलं शून्य

ऋतुराजचं तोंड जरा जास्तच चालायचं. उचगावच्या त्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत येऊन त्याला जेमतेम चार महिने झाले होते, पण जुन्या कोडला नावं ठेवण्यात तो मुरलेला होता. काम एका दूध संघाचं होतं. गावोगावच्या संकलन केंद्रांवरचे फॅटचे आकडे जावा या संगणकभाषेतला जुना कोड गोळा करायचा. तो कोड दहा वर्षं तिथंच असलेल्या संघप्रियानं लिहिलेला. पुढं दहा दिवसांची सरासरी काढून कुणाच्या दुधात पाणी असल्याचा संशय आहे, त्यांची यादी ऋतुराजचा पायथॉनमधला कोड करायचा. दोन्ही कामं स्पार्क नावाच्या एकाच यंत्रणेवर चालायची, एका चुलीवर दोघांनी स्वयंपाक मांडावा तशी.

मलकापूरजवळच्या एका केंद्रावरून यादीत एकदम नऊ बायका आल्या. सोमवारी तक्रार आली, तेव्हा कुणी विचारायच्या आधीच ऋतुराज बोलून मोकळा झाला की जावातला कोड जुनाट आहे, आकडे तिथंच बिघडतात. संघप्रियानं वाद घातला नाही. बघते म्हणाली आणि आपला कोड ओळ न् ओळ तपासायला बसली. साहेब, म्हणजे विजयसिंह, त्यांनी तिचं पुढचं नवं काम काढून ऋतुराजला देऊन टाकलं.

मंगळवारी ऋतुराजला चूक सापडली, आणि ती त्याचीच निघाली. केंद्रावर वीज गेली की फॅट मोजता येत नाही, त्या वेळी आलेल्यांचा रकाना कोरा राहतो. जावाचा कोड तो कोराच पुढं पाठवायचा. याला मेल्याला कोरं बघवेना, म्हणून यानं तिथं शून्य भरून ठेवलं होतं. अशी चार शून्यं सरासरीत शिरली की म्हशीचं घट्ट दूधही पाणीच ठरणार. ऋतुराजनं शून्य काढलं, नवी यादी पाठवली आणि गप्प बसला. समोर संघप्रिया चष्मा पुसून पुन्हा स्क्रीनकडं बघत होती. त्याला स्वतःची लाज वाटत होती, पण नवं काम हातचं जाईल म्हणून जीभ उचलेना.

शनिवारी विजयसिंहांनी दोघांना जुनी यादी उतरवून नवी लावायला केंद्रावर धाडलं. जुनी यादी फळ्यावर तशीच होती, आणि पहिलं नाव झुंबरबाईंचं. संध्याकाळच्या दुधाची रांग लागली होती. ऋतुराज हळूच कागद काढायला गेला, तशी रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी किटली खाली ठेवली. त्याच झुंबरबाई.

"गपचिप काढू नका, पावणं. लावला तवा समद्यांनी वाचलाय. माझ्याकडनं रोज घरी दूध न्हेणारी मास्तरीणबाई बी यायची बंद झाली."

त्यानं कंपनीकडून चूक झाल्याचं सांगितलं.

"कंपनी म्हंजी कोण? कागदावर आमची नावं हायती की. तुमचं बी नाव सांगा."

शेजारी उभ्या संघप्रियाकडं बघायचा त्याला धीर झाला नाही.

"मी, ऋतुराज," तो म्हणाला. "जिथं मोजलंच नव्हतं, तिथं मी शून्य भरलं. तुमच्या कुणाच्याच दुधात पाणी नव्हतं. या मॅडमचं काम बरोबर होतं. मी त्यांच्यावर ढकललं."

झुंबरबाईंनी कागद स्वतःच्या हातानं फाडला आणि किटली उचलून दूध घालायला पुढं सरकल्या.

परतताना गाडी ऋतुराज चालवत होता. गाव मागं पडल्यावर त्यानं संघप्रियाची माफी मागितली.

"मला बुधवारीच दिसलं होतं," संघप्रिया म्हणाली. "कोडच्या प्रत्येक ओळीपुढं लिहिणाऱ्याचं नाव असतं. शून्य भरलंस तिथंही तुझं, काढलंस तिथंही तुझंच."

मग तुम्ही बोलला का नाहीत, हे त्यानं कसंबसं विचारलं.

"गुरुवारी वाटलं, आज सांगशील. शुक्रवारीही वाटलं."

ऋतुराजनं गाडी कडेला घेतली आणि विजयसिंहांना फोन लावला.