नळीखाली धरलेली काशाची वाटी

मी काशाची वाटी बोलते आहे. तांबे आणि कथील एकत्र वितळवून कल्याणच्या एका कासाराने मला घडवले. माझ्या कडेवर टिचकी मारली तर नाद बराच वेळ रेंगाळतो. त्या नादावर भुलूनच डोंबिवलीच्या एका बाईने मला विकत घेतले आणि मरताना सुनेच्या, आवडाबाईच्या, हाती दिले. डोंबिवली तेव्हा भातखाचरांमधले लहानसे गाव होते.

त्या घरात कावीळ उतरवण्याची विद्या होती. आवडाबाई रोग्याच्या तळहातांना आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस चोळी, मग माझ्यातल्या चुन्याच्या निवळीत ते हात धुवी. निवळी पिवळी होई. "उतरली बघा," असे ती म्हणे, आणि रोग्याचा चेहरा उजळे. ते पाणी पाण्याकाठच्या रुईच्या मुळाशी ओतून मागे न पाहता परतायचे. उतरलेली कावीळ माणसाजवळ राहिली तर पुन्हा त्यालाच धरते, असा समज.

साल आणि चुना एकत्र आले की पाणी पिवळे होतेच, हात रोग्याचे असोत वा निरोग्याचे. आवडाबाईही हे जाणत होती. पण साल हे निमित्त आणि उतरवणारा देव, अशी तिची श्रद्धा होती. बहुतेकांची कावीळ महिनाभरात आपोआप ओसरे आणि श्रेय मला मिळे. ते मी नाकारले नाही. धातूला नाकारता येत नाही.

या विद्येचा एक कडक नियम होता. घरच्या माणसाची कावीळ उतरवायची नाही. उतरवली तर हाताचा गुण जातो.

शके अठराशे सोळाच्या चैत्रात तिचा एकुलता मुलगा सहदेव पिवळा पडला. उजव्या बरगडीखाली कळ उठे, अंगाची खाज झोपू देत नसे.

"आई, अख्ख्या गावाची कावीळ उतरवलीस. ती सगळी माझ्यात येऊन बसली बघ," तो म्हणे.

"मेल्या, जीभ आवर," असे म्हणून ती तोंड फिरवी.

नियम मोडण्याचे धाडस तिला झाले नाही. तिने त्याला बैलगाडीत घालून कल्याणला नेले. खाडीजवळ डॉक्टर महिपतरावांचा दोन खाटांचा दवाखाना होता. त्यांनी पोट चाचपले आणि स्पष्ट सांगितले, "पित्ताची नळी खड्याने अडली आहे. कापून खडा काढता येईल. पण ते अर्धेच काम. नंतरचे दहा दिवस खरे कठीण. आत विषार शिरला, तर माझ्या हाती काही उरत नाही."

तिने होकार दिला. चिंचोक्याएवढा खडा निघाला. पोटातून एक रबरी नळी बाहेर काढून तिचे टोक कार्बोलिकच्या औषधी पाण्याने भरलेल्या बाटलीत सोडले होते. "नळीला आणि बाटलीला कुणी हात लावायचा नाही," डॉक्टरांनी बजावले.

तिसऱ्या दिवशी सहदेवचे डोळे निवळू लागले. त्याने पेज मागितली. नळीतून पिवळे पित्त ठिबकत होते. आयुष्यभर चुन्याच्या पाण्यात जे दाखवले, ते आवडाबाई पहिल्यांदाच खरोखर पाहत होती. पण ते रोग्याच्या उशाशी साचत होते. डॉक्टर दोन दिवसांसाठी ठाण्याला गेले होते. तिने मला गाठोड्यातून बाहेर काढले.

सोबत आलेली सून गोदू घाबरली. "आत्याबाई, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"मी उतरवत नाही गं. उतरलीच आहे. ती काचेत कोंडून उशाशी ठेवलीय, तेवढी बाहेर टाकते."

तिने मला राखेने घासले, विहिरीच्या पाण्याने विसळले. मग नळीचे टोक बाटलीतून काढून माझ्यात धरले. मी भरले, तेव्हा ते टोक तिने पदराने पुसून पुन्हा बाटलीत सोडले. खाडीकाठच्या रुईशी मला रिकामे करून, मागे न पाहता ती परतली. दोन दिवसांत पाच खेपा झाल्या.

पाचव्या दिवशी सहदेवला हुडहुडी भरली. ताप चढला, पोट फळीसारखे ताठ झाले. परतलेल्या डॉक्टरांनी नळीतला पू पाहिला आणि विचारले, "हात कुणी लावला?"

आवडाबाईने सगळे सांगितले, मला पुढे ठेवले. "राखेनं घासली होती, दादा. तोंड दिसेल इतकी."

"जे दिसत नाही, ते राखेनं जात नाही, आवडाबाई." त्यांनी मला बाजूला सारले. "मी हात लावू नका म्हणालो. का ते सांगितलं नाही. आणि वाटीशिवायही हे झालं असतं कदाचित. याच्याआधी मी पित्ताची नळी कापलेले चौघे होते. दोघे असेच गेले, त्यांच्याजवळ वाटी नव्हती."

"मग हा माझ्यामुळं चाललाय की नाही?"

"ते मला कधीच कळणार नाही."

आठव्या दिवशी सहदेव गेला.

त्याला चार वर्षे झाली. आवडाबाईने मला मोडीत काढले नाही, वापरलेही नाही. मी फडताळात आहे, कडेवर हिरवा थर चढला आहे. लोक अजून येतात. ती त्यांना कल्याणला पाठवते.

मागच्या आठवड्यात मानपाड्याचा दौलत पिवळ्या पडलेल्या बायकोला घेऊन दुसऱ्यांदा आला. "आम्ही गेलेलो, मावशी. डॉक्टर म्हणाले, खडाच आहे. पण पित्ताच्या नळीला ते आता हात लावत नाहीत. मग आम्ही जायचं तरी कुठं?"

लोकहो, माझी विनंती एवढीच. एखाद्याला हात लावू नको म्हणाल, तर का ते त्याच्या भाषेत सांगा. त्याने सहदेव वाचला असता, असे मी म्हणत नाही. मला तेही ठाऊक नाही.

दौलतचे ऐकून आवडाबाई फडताळाकडे, माझ्याकडे, वळली नाही. तिने ओटीवर चटई अंथरली.

"बस बाय," ती दौलतच्या बायकोला म्हणाली, "ऊन कलू दे."