जाळीतला माईक

उजवा कान, डावा कान

"काय पुटपुटतेय रे ती? येतंय का काही?"

उजव्या कानात बाईंचा आवाज आला, पण कानवाल्याने उत्तर द्यायला वेळ लावला, कारण डाव्या कानात ती अजून बोलत होती.

हेडफोनची उजवी बाजू स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या टीव्हीवाल्यांच्या व्हॅनची. तिथून प्रक्षेपण चालवणाऱ्या बाईंचे हुकूम यायचे. डावी बाजू मैदानाची. गोलच्या जाळीच्या एका अंगाला, बुटक्या स्टुलावर बसून तो दांडीवरचा माईक चेंडूच्या मागे फिरवत असे. बूट चेंडूवर बसला की धप्प, चेंडू खांबाला लागला की टण्ण. घरी सोफ्यावर पाय पसरून बसलेल्यांना हे ऐकू यायचे ते त्याच्यामुळे. त्यांना वाटायचे, चित्र आहे म्हणजे आवाज असणारच. आवाज वेगळा पकडून आणावा लागतो हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होते, तेही लग्नापासून ऐकून ऐकून. कामावर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. कानवाला.

समोर गोलकीपर गुडघ्यांवर बसली होती. कपाळ गवताला टेकलेले. मॅच सुरू व्हायच्या आधी ती नेहमी अशी बसायची, आणि ती बसली की स्टेडियमच्या अंगात आल्यासारखे व्हायचे. डावीकडच्या स्टँडमधली पोरे लगेच खुर्च्यांवर गुडघे टेकून, हात वर करून हुर्यो करायची. तिचे नावच त्यांनी गुडघेबाई ठेवले होते. उजवीकडे तिच्याच टीमचे लोक कापडी फलक हलवायचे: देव आमच्या गोलात. माईकला हुर्यो आणि जयजयकार यांतला फरक कळत नाही. दोन्ही नुसता गोंगाट.

त्या गोंगाटाच्या तळाशी, दांडी थोडी खाली केली तेव्हा, तिचा आवाज आला.

"देवा, घाबरू नकोस. मी आहे ना इथे. घाबरू नकोस हं."

कानवाल्याचा हात दांडीवर तसाच राहिला. प्रार्थना त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या. खेळाडू देवाकडे काय काय मागतात हे त्याच्याइतके कोणी ऐकले नसेल. गोल दे, बळ दे, रेफ्रीला डोळे दे. पण देवालाच धीर देणारे माणूस त्याने पहिल्यांदा ऐकले.

"अरे कानवाल्या, झोपलास का?"

"नाही बाई. नुसती गर्दी येतेय. तिचं काही नाही."

असे तो म्हणाला. तिथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण व्हॅनमध्ये सगळे रेकॉर्ड होते, आणि कुठे काय आहे ते एकट्या त्याला माहीत होते.

घरी, हेडफोनशिवाय

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. आता ते टीव्ही चालवायचे, आणि तोही बससारखाच, समोरच्याला शिव्या देत.

"बघ, बघ. बसली गुडघ्यांवर," बाबा म्हणाले. मॅच पुन्हा दाखवत होते. "देवाला दुसरं काम नाही. जगात एवढी माणसं उपाशी, आणि हा निघाला हिचा गोल अडवायला."

"कॅमेरा कुठे आहे ते बरोब्बर माहितेय तिला," बायको म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती, आणि घरीही कपड्यांच्या घड्या घालताना तिचे हात आणि तोंड एकाच वेगाने चालायचे. "नाटकी आहे हो. खरा देव मानणारा असा चव्हाट्यावर मानतो का?"

"नाटकी नाहीये ती," कानवाला म्हणाला.

"तुला रे काय माहीत?" बाबा म्हणाले.

"मी ऐकलंय."

बायकोचे हात थांबले. "काय ऐकलंयस?"

सांगावे की नाही या विचारात त्याने ताटातली भाजी इकडची तिकडे केली. मग सांगितले. तिच्याच आवाजात, हळू, 'हं'सकट.

बाबांनी रिमोट शोधून टीव्हीचा आवाज बंद केला. चित्रातली गोलकीपर मुक्यानेच उठली, ढोपरावरचे गवत झाडले. बायकोने हातातला टॉवेल घडी न घालताच मांडीवर ठेवला.

"परत सांग," बाबा म्हणाले.

त्याने परत सांगितले.

"असं म्हणाली?" बाबा म्हणाले. "मग मी उगाच बोललो." आणि हे वाक्य त्या घरात याआधी कोणी ऐकले नव्हते.

इथे कानवाल्याचा हिशेब चुकला. एवढ्या एका वाक्याने आपले बाबा गप्प होत असतील तर बाहेरचे कोण टिकणार, असे त्याला वाटले. लोकांना एकदा ऐकवायला हवे. मग हुर्यो करणाऱ्यांना आपल्या तोंडाची लाज वाटेल. तिला मात्र विचारायला हवे, हे त्याला सुचले नाही असे नाही. सुचले होते. पण चांगली गोष्ट करायला निघालेल्या माणसाला परवानगी मागायचा कंटाळा येतो.

आणि आणखी एक. हे त्याने बायकोलाही सांगितले नाही. रेकॉर्डिंगमधून तेवढा आवाज काढून बाईंना दिला तेव्हा त्यांनी डोळे मिटून तो ऐकला, पुन्हा ऐकला, आणि व्हॅनमधल्या सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. "सोनं आणलंस रे. एवढ्या गर्दीतून हे काढायचं म्हणजे कान पाहिजेत." तेव्हा त्याला फार बरे वाटले होते. गोलकीपरची आठवणही नव्हती त्या बरे वाटण्यात.

बाईंनी मागे हळुवार संगीत घातले आणि तो टीव्हीवर लावला.

सगळे आवाज एकदम

ऐकलंत का, देवाला अभय देते म्हणे. — मग बरोबर आहे, देव घाबरलेलाच असणार, तिचा मागच्या मॅचमधला खेळ बघून. — ताई, आमचा देव घाबरत नसतो, तुमचा कुठला आहे? — ही कोण लागून गेली देवाला दिलासा देणारी? गोल अडवायचा पगार मिळतो ना, तेवढं कर. — मी तर तिचा फोटो लावला होता दुकानात, काढून टाकला. — ए, बॉस ओरडला तर काय म्हणायचं? घाबरू नकोस, मी आहे ना! — मला रडू आलं ऐकून, खरंच, पण ग्रुपवर लिहिलं नाही, उगाच सगळे तुटून पडतात. — माफी मागायला हवी तिने. — कुणाची? — देवाची. आणि आमची.

टवाळ लोकांना विनोद मिळाला. देवभोळ्यांना अपमान मिळाला. तिच्यासाठी भांडणारे कालपर्यंत निदान अर्धे स्टेडियम होते, ते आता गप्प झाले. देव आमच्या गोलात हा फलक कोणीतरी गुंडाळून नेला. पुढच्या मॅचला समोरच्या टीमचा कोणीही चेंडू घेऊन धावत सुटला की डावीकडून, उजवीकडून, दोन्हीकडून एकच गाणे: "घाबरू नकोस, मी आहे ना!" शेवटचा 'हं' सगळे मिळून लांबवायचे.

कानवाल्याने तोही पकडला. कामच होते ते.

त्या मॅचमध्ये एक साधा चेंडू तिच्या हातांखालून गेला. शाळकरी पोरीनेही धरला असता असा. ती वळून जाळीतून चेंडू काढायला आली तेव्हा स्टुलापासून अगदी जवळ होती. चेंडू काखेत धरून क्षणभर तशीच उभी राहिली. डाव्या कानात तिचा श्वास आला. त्याने दांडी दुसरीकडे फिरवली.

घरी बाबा वाट बघत होते. टीव्ही बंद.

"ते तू दिलंस?"

"हो."

"आम्हाला सांगितलंस तिथपर्यंत ठीक होतं रे," बाबा म्हणाले. "मी कट्ट्यावर जायचं बंद केलंय. सगळे तेच बोलतात आणि हसतात, आणि मला सांगता येत नाही की हे माझ्या घरातून गेलंय."

"चांगल्यासाठी दिलं होतं, बाबा."

"हो ना. माझ्या बसमध्येही लोक चुकीच्या ठिकाणी उतरायचे, ते चांगल्यासाठीच उतरायचे."

बायकोने ताट पुढे सरकवले. "तिला जाऊन सांग," ती म्हणाली. "एवढंच कर. माफी बिफी जाऊ दे. मीच घेतलं होतं आणि मीच दिलं, एवढं सांग. तिला कळू दे कुणी ऐकलं ते."

"सांगतो."

"उद्या?"

"सरावाला येतील ते. तेव्हा सांगतो."

दोन पावलांवरून

सराव संपत आला होता. कानवाला गोलमागे तारा अंथरत होता. वाकलेल्या माणसाला समोर फक्त बूट दिसतात. तिचे बूट येऊन थांबले.

"दादा, एक विचारू?"

तो उठून उभा राहिला. टीव्हीवर वाटते त्यापेक्षा ती लहान होती. हातमोजे काढून तिने बगलेत धरले होते.

"ते माईक घेऊन तुम्हीच बसता ना इथे?"

"हो."

"मग तुम्हाला माहीत असेल. माझं ते बोलणं... कुठल्या माईकमध्ये गेलं ते?"

वाक्य त्याच्या तोंडात तयार होते. रात्रभर घोळवून गुळगुळीत केलेले. मीच घेतलं होतं आणि मीच दिलं. तिने विचारलेही असे होते की नुसते 'माझ्या' एवढे म्हटले असते तरी चालले असते.

"रागावले नाहीये मी," ती म्हणाली. "मला फक्त जागा कळायला हवी. मला देवाशी बोलल्याशिवाय उभं राहता येत नाही गोलमध्ये. आणि बोलायला मला दुसरं काही येतही नाही. लहानपणी आई कामावर गेली की मी धाकट्याला झोपवायचे, तेव्हा त्याला म्हणायचे ते म्हणते. लोकांना वाटलं मी देवाला शिकवतेय." ती कसनुशी हसली. "कोचने सांगितलंय, बंद कर नाहीतर बाकावर बस. मी म्हटलं, एकदा कोणाला ऐकू जाणार नाही असं करून बघते. कुठला माईक होता, दादा?"

कानवाल्याने हात वर केला. हात वर करेपर्यंत तो खरे बोलणार होता, अशी त्याची स्वतःची समजूत आहे.

"तो," तो म्हणाला. "जाळीत, त्या कोपऱ्यात बांधलेला असतो बघा, काळा. कायमचा बसवलेला. आपोआप घेतो तो सगळं. व्हॅनमध्ये परस्पर जातं."

तिने जाळीकडे पाहिले. तिथे खरोखरच एक माईक होता. चेंडू जाळीत शिरला की सळसळ पकडण्यापलीकडे त्याला काही येत नव्हते.

"आणि तुमचा हा?"

"हा... हा फक्त चेंडूचा."

"म्हणजे गोलमध्ये नाही बोलायचं."

"नाही बोलायचं."

"बरं झालं तुम्हाला विचारलं," ती म्हणाली. "बाकी कुणी नीट सांगतच नव्हतं."

घरी बायकोने विचारले, "सांगितलंस?" तो म्हणाला, "भेटली." बायको त्याच्याकडे बघत राहिली आणि मग ओले कपडे वाळत घालायला निघून गेली.

तार

दुसऱ्या दिवशी स्टेडियम भरलेले होते. ती आज बसते की नाही यावर लोकांनी पैजा लावल्या होत्या. दोन्ही टीम जागेवर गेल्या. ती गोलमध्ये उभी राहिली, जाळीतल्या काळ्या माईककडे एकदा पाहिले, आणि चालू लागली.

"कुठे निघाली ही?" उजव्या कानात बाई. "बाहेर येतेय. कॅमेरा तीन, धर तिला. अरे कानवाल्या, तुझ्याकडेच येतेय रे."

ती गोलची रेषा ओलांडून, खांबाला वळसा घालून आली. संपूर्ण मैदानात तिला एक जागा सापडली होती जिथे ऐकणारे कोणी नव्हते. स्टुलासमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर ती थांबली. त्याच्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला करतात तशी. आणि स्टँडकडे पाठ करून गुडघे टेकले.

"माईक वर कर," बाई म्हणाल्या. "थेट जातंय हे. वर कर म्हणतेय ना."

हुर्यो सुरू झाली. शेवटचा 'हं' लांबला.

"वारा आहे, बाई. काही येत नाहीये."

"कसला वारा? झेंडे लटकलेत सगळे, दिसतंय मला. कानवाल्या, नाटकं करू नकोस."

त्याने माईकची तार उपटली. मग हेडफोन काढून पायाशी ठेवला. त्यातून बाई गवताला काहीबाही सांगत राहिल्या.

आता काही ऐकू येणार नाही असे त्याला वाटले होते. पण ती इतकी जवळ होती की यंत्राची गरज नव्हती. एकेक शब्द स्वच्छ आला. कपाळ गवतावर, डोळे मिटलेले, पूर्ण भरवशाने ती बोलत होती, आणि तो तिच्या डोक्याशी बसून ऐकत होता. कानांवर हात ठेवावेत असे मनात आले. पण मग तिने डोळे उघडले असते तर तिला कळले असते. म्हणून तो हात मांडीवर ठेवून, मान खाली घालून, सगळे बोलणे संपेपर्यंत ऐकत बसला.

ती उठली. ढोपरे झाडली. हातमोजे चढवले.

"थँक्यू, दादा," ती म्हणाली, आणि गोलमध्ये गेली.