मोठ्या बाईंची गादी

मी गादी आहे, पण माझ्यावर आजवर एकही माणूस झोपलेला नाही. ही तक्रार नव्हे, मी हे तोऱ्यात सांगतेय. माणसांचं काय, त्यांना कुठेही झोप लागते. बसमध्ये लागते, सभेत लागते, पुस्तक तोंडावर धरूनही लागते. माझ्यावर टेकतात ते मासे, आणि तेही घटकाभर. मग ते आपल्या घरी जातात, आणि अंगावर ओरखडा न उठता जातात ते माझ्यामुळे.

माझे मालक लिफ्ट दुरुस्त करायचे. लिफ्टच्या दोराला नुसता हात लावून तो कुठे कुरकुरतोय ते ओळखायचे. सुटी मिळाली की हाच माणूस शहराबाहेरच्या तळ्यावर गळ टाकून बसायचा. तळ्यात कार्प मासे आहेत. तिथला नियम असा, की मासा पकडा, डोळे भरून बघा आणि जिवंत परत सोडा. पुष्कळांना हा खुळेपणा वाटतो. मालकांच्या मेव्हण्यांना तर तो शुद्ध वेडेपणा वाटायचा.

एकदा एक मासा काठावरच्या खडीत तडफडला आणि त्याचे खवले निघाले. मालकांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते मेव्हण्यांच्या दुकानात गेले. मेव्हण्यांचा धंदा गाद्यांचा.

"मेव्हणे, एक गादी शिवून द्या."

"सिंगल की डबल?"

"माशासाठी हवीय."

शिवणयंत्र थांबलं. "दाजी, सोबत उशी देऊ का? पातळसं पांघरूण?"

चेष्टा मनसोक्त केली, पण कामात कसर ठेवली नाही. आत जाड फोम, वरून गुळगुळीत रेक्झिन, मासा घरंगळू नये म्हणून चारी बाजूंनी उंच कडा, आणि दुहेरी शिवण. त्या दुकानात माझ्यापेक्षा महागड्या गाद्या होत्या, पण माझ्याएवढा विचार कुणाचाच झाला नव्हता.

माझ्या जन्मदात्याची एक खुबी सांगायला हवी. लोक जुन्या गाद्या दुरुस्तीला आणतात. हे महाशय त्यावरून फक्त तळहात फिरवतात आणि सांगतात, "नवरा डाव्या कुशीवर झोपतो. बाईंची झोप सावध दिसते, सारख्या उठून बसतात." गिऱ्हाईक चाट पडतं. ते म्हणतात, "माणूस खोटं बोलेल, गादी नाही बोलत." हे वाक्य मी तिथेच ऐकलं आणि काळजात जपून ठेवलं.

मग माझी नोकरी सुरू झाली. तळ्यावर गेलं की आधी मला काठावर अंथरायचं, मासा जाळीत आला की आधी माझ्यावर पाणी ओतायचं, मग त्याला ठेवायचं, गळ काढायचा, बघायचं, सोडायचं. आणि तो गेला की लगेच मला धुवायचं. मालक स्वतःचा शर्ट एखाद वेळी तसाच दुसऱ्या दिवशी घालतील, पण मला धुतल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत.

त्या तळ्यात एक फार जुनी, फार मोठी मादी आहे. तळ्यावरची मंडळी तिला मोठ्या बाई म्हणतात, शाळेतल्या मुख्याध्यापिकेला म्हणतात तसं. त्या कुणाला सहसा भेटत नाहीत, पण त्या तळ्यात असल्याचा दरारा सगळ्यांवर असतो. अंग गुळगुळीत, आणि एका कुशीवर फक्त पाच मोठाले खवले, कोटाच्या बटणांसारखे ओळीत. त्यातला मधला एक गळालेला.

एके दिवशी तळ्यावर दुसरं कुणी नसताना मोठ्या बाई माझ्या मालकांच्या गळाला लागल्या. मी त्यांचा भार पेलला. आयुष्याचं सार्थक म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. मालकांनी त्यांना सोडलं आणि घरी येऊन सगळं सांगितलं. जेवणं चालू होती, मेव्हणेही होते.

"केवढी होती?" मेव्हण्यांनी विचारलं. मालकांनी हात फाकवले. मेव्हण्यांनी शेजारची खुर्ची सरकवली. "थांबा, जागा करतो. अजून फाकवा. बटणं कोटाला होती की स्वेटरला?"

सगळे हसले. मालकीणही हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या.

तेव्हापासून प्रत्येक घरगुती कार्यक्रमात तो किस्सा वाढला जाऊ लागला. मालक आधी चिडायचे, नंतर कसनुसं हसायचे, आणि मग तळ्यावर जाणंच त्यांनी सोडलं. मला गुंडाळून माळ्यावर टाकलं. शेजारी एक मोडका पंखा आणि लग्नातला स्टीलचा हंडा. मला सगळं ठाऊक होतं. पण गादीला कोण विचारतंय! मेव्हण्यांची थट्टा मालकांनी केव्हाच पचवली असती. मालकीण हसल्या, ते त्यांना लागलं होतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात लिफ्ट दुरुस्त झाल्याचं खोटं सांगितलं नाही, त्याचा शब्द त्याच्याच घरात पडला होता.

मालक निवृत्त झाले. घरात नुसते बसून राहू लागले. एकदा मेव्हणे आले आणि मालकीण हळूच त्यांना म्हणाल्या, "तू त्यांना घेऊन जा बरं कुठेतरी. मला बघवत नाही."

मेव्हणे बाहेर येऊन म्हणाले, "दाजी, चला तळ्यावर. तीन दिवस राहू. तुमच्या त्या मोठ्या बाई मला दाखवा. दिसल्या तर भर समारंभात कान पकडतो. नाही दिसल्या तर हा विषय कायमचा बंद, तुमच्याकडून आणि माझ्याकडूनही."

 मालकांनी उठून माळ्यावरून मला काढलं.

तळ्यावर मालकांनी काठ्या लावल्या, मासा ओढू लागला की टिंटिं वाजणारा भोंगा लावला, उकडलेल्या पिठाच्या गोळ्या पाण्यात फेकल्या. मेव्हण्यांनी घडीची खाट दाबून बघितली. "हिला गादी म्हणतात? हिच्यावर झोपण्यापेक्षा उभा राहतो." आणि गाडीच्या टपावरून त्यांनी चक्क आपल्या दुकानातली गादी उतरवली! जाड, नक्षीदार, कापसाची. वारा लागावा म्हणून तंबूसुद्धा वर झाडाखाली लावायला लावला, पाण्यापासून चांगला लांब.

मला त्या नक्षीदार बाईंचा राग आला, खोटं कशाला सांगू? मी कामावर आले होते, ती सहलीला आली होती.

पहिले दोन दिवस लहानसहान मासे आले. मेव्हणे प्रत्येक वेळी धावत यायचे. "ह्याच का मोठ्या बाई?" "नाही." "मग धाकट्या बाई असतील." पण एक गोष्ट मी पाहिली. आपण शिवलेल्या गादीवर मासा शांत पडून राहतो, हे बघताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा. "बरी शिवलीय हो मी," ते म्हणायचे. मला बरं वाटायचं.

शेवटच्या दिवशी दुपारी ऊन रणरणत होतं. संध्याकाळी निघायचं होतं. मेव्हणे जेवून आपल्या गादीवर आडवे झाले, फोटो काढायचा फोन त्यांच्याच खिशात. आणि भोंगा वाजायला लागला, तो थांबेचना.

मालकांनी काठी उचलली. दोरा ताणला तसे त्यांचे डोळे बदलले. लिफ्टच्या दोरावर ठेवायचे तशी त्यांनी दोऱ्यावर दोन बोटं ठेवली आणि पुटपुटले, "आल्यात."

बराच वेळ ते दोरा मागत होते आणि त्या देत नव्हत्या. शेवटी जाळी खाली गेली, माझ्यावर बादलीभर पाणी पडलं, आणि मोठ्या बाई माझ्यावर टेकल्या. बटणांची कूस खाली. पहिल्यापेक्षा वजनदार झाल्या होत्या.

"मेव्हणे!" मालक ओरडले. "ओ मेव्हणे, या लवकर!"

तंबूतून घोरणं ऐकू आलं.

"अहो मेव्हणे! आल्यात मोठ्या बाई!"

घोरण्याचा सूरसुद्धा बदलला नाही. गादी उत्तमच होती, हे मला कबूल करावं लागतं.

मालक अर्धवट उठले. वर जाऊन, हलवून उठवून आणलं की झालं. पण तेवढा वेळ मोठ्या बाई उन्हात एकट्या पडल्या असत्या. त्यांचे कल्ले जोरात हलत होते. मालकांनी तंबूकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. घरातला आपला शब्द झाडाखाली झोपला होता आणि एक जीव इथे तहानलेला होता.

त्यांनी खाली बसून गळ काढला. ओला हात कपाळापासून शेपटीपर्यंत एकदा फिरवला. "जा बाई," म्हणाले, आणि दोन्ही हातांवर उचलून पाण्यात गुडघ्याइतकं जाऊन त्यांना सोडलं.

मग ते काठावर बसून राहिले. आणि जे कधीच घडलं नव्हतं ते घडलं. ते मला धुवायला विसरले.

मेव्हणे डोळे चोळत आले. "काय दाजी, काही लागलं का?"

"नाही," मालक म्हणाले. "चला, आवरू."

माझे मालक आयुष्यात खोटं बोलले ते एवढंच. पुन्हा हसं व्हायला नको म्हणून बोलले. मला ओरडावंसं वाटलं.

मेव्हणे मला गुंडाळायला वाकले आणि थांबले. मी उन्हात वाळले होते. माशाच्या अंगाचा बुळबुळीत थर रेक्झिनवर चकचकीत सुकला होता. माझा फोम आता म्हातारा झालाय, दबला की लवकर वर येत नाही. त्यांनी तळहात ठेवला. हळूहळू फिरवला. डोक्यापाशी, पोटापाशी, शेपटीपाशी. मग त्यांचं बोट एका ओळीवरून सरकू लागलं. एक गोल ठसा, दुसरा गोल ठसा. मग रिकामी जागा. मग पुन्हा एक, आणि आणखी एक.

"दाजी," बोट तिथेच ठेवून ते म्हणाले, "हिच्यावर कोण झोपलं होतं?"

मालक काठ्यांची आवराआवर करत राहिले.

"मधलं बटण नाहीये, दाजी. अहो, मला उठवायचं की नाही?"

"हाका मारल्या. तुम्ही उठला नाहीत."

"मग थांबवून ठेवायचं तिला!"

"त्या कशा थांबतील? पाणी नव्हतं त्यांना."

मेव्हणे मटकन खाली बसले. तिथेच, तळ्याकाठी, कुणी बघायला नसताना त्यांनी आपले दोन्ही कान पकडले. मालक बादली घेऊन मला धुवायला आले, तर ते अंगावर धावून गेले. "हात लावायचा नाही! ताईला दाखवायचीय."

त्यांनी मला मागच्या सीटवर सपाट ठेवलं आणि आपली नक्षीदार गादी टपावर बांधली. मी आत, ती बाहेर.

घरभर माशाचा वास सुटला. मालकीण नाकाला पदर लावून आल्या. भावानं त्यांचा हात धरून माझ्यावर ठेवला आणि एकेक ठसा दाखवला. त्यांनी तोंडावरचा पदर काढला. मालकांकडे बघून म्हणाल्या, "मी तेव्हा हसायला नको होतं हो."

"अगं, जाऊ दे," मालक म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन खूप वेळ उगाचच दोऱ्या गुंडाळत बसले.

आता माझी जागा माळ्यावर नाही. दाराजवळच्या खुंटीवर आहे. मालक दर आठवड्याला तळ्यावर जातात, कधी कधी मालकीणही डबा घेऊन येतात. मेव्हणे दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला मोठ्या बाईंची गोष्ट सांगतात आणि हात फाकवतात. मालक तिथे असले की मध्येच म्हणतात, "एवढ्या नव्हत्या हो, थोडं आत घ्या."

माझी एक शिवण उसवायला आलीय, फोम जागोजाग बसलाय. मेव्हणे नवा भरून देतो म्हणाले, मालकांनी नको म्हटलं. मीही नकोच म्हटलं असतं. तुमच्यापैकी कुणी गळ टाकत असाल तर एवढंच सांगणं आहे: मासा ठेवण्याआधी गादीवर पाणी ओता, आणि साक्षीदार झोपला असेल तर त्याच्यासाठी थांबू नका. आम्ही जाग्या असतो.