पाववाल्या आजींच्या उशाशी

मी एक जुने बेडपॅन आहे, मित्रांनो. पलंगावरून उठता न येणाऱ्या रुग्णाच्या कमरेखाली सरकवतात ते शौचाचे भांडे. मी ज्या पत्र्यातून घडले, त्याच पत्र्यातून माझी भावंडे दुधाची पातेली झाली आणि माझ्या कपाळी हे आले. त्याचे मला वाईट वाटले नाही. पूर्वीची मदतनीस मला उकळत्या पाण्याने धुऊन असे लख्ख ठेवी, की माझ्यात बघून ती केस सारखे करी. पुढे वापरून फेकायची भांडी आली, मोठ्यांचे डायपर आले आणि मी धुण्याच्या खोलीत खालच्या फळीवर पडले.

त्या खोलीचे काय सांगू! तुंबलेली मोरी, ओल्या फडक्यांचा आंबूस वास, डायपरांनी ओसंडणारी बादली. माझ्या काठाखाली पिवळी पुटे चढली होती. माझी मलाच शिसारी येई.

एके सकाळी तिथे एक मुलगी आली. नर्सिंगच्या प्रशिक्षणासाठी परक्या देशातून आलेली. वॉर्डात तिला सगळे 'पाहुणी' म्हणत. पाहुणचार म्हणून तिला बादली रिकामी करायला सांगितली. झाकण उघडले मात्र, ती भडाभडा ओकली. दुसऱ्या दिवशीही तेच. हात घासघासून लाल झाले, तरी ती बोटे हुंगून पाही. जेवणाचा डबा तसाच परत जाई. शेवटी फोन ओट्यावर ठेवून, हात धुता धुताच ती घरी बोलली.

"आई, मला नाही जमणार गं. वास नाकातून जातच नाही."

"अगं, लहानपणी तुझं सगळं मी केलंच ना?"

"मी तुझी होते. ही माणसं माझी कोण?"

"कोणी नाहीत. पण त्यांचं कोणी तिथे नाही, आणि तू आहेस."

समोरच्याच खोलीत पाववाल्या आजी होत्या. जन्मभर बेकरी चालवलेली बाई. मांडीचे हाड मोडले होते, डोके मात्र शाबूत. त्या घंटा वाजवत राहत, कोणी फिरकत नसे. त्या दिवशी दुपारीही घंटा वाजत होती. पाहुणीने मोठ्या सिस्टरना सांगितले. चहाचा कप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "डायपर बांधलाय ना? त्यातच कर म्हणावं."

पाहुणी आजींपाशी गेली, पण तो निरोप तिच्या तोंडून निघेना. आजींनी तिची बाही धरली. "मला लागली की कळतं गं पोरी. मी काय तान्हं बाळ आहे?"

ती धावत आली. फेकायची भांडी संपली होती. मग मी दिसले. मला पाहून तिला कोरडी उबळ आली, तरी तिने मला उचलले, खसाखसा घासले, गरम पाण्याने धुतले. आम्ही पोचलो तोवर उशीर झाला होता. चादर भरली होती. आजी भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. "बघू नकोस," म्हणाल्या.

पाहुणीने पडदा ओढला. श्वास रोखून तिने आजींना पुसले, चादर बदलली. मध्येच ओकली, आणि तेही माझ्यातच! "माफ करा हं आजी," म्हणत पुन्हा कामाला लागली. आजी रडता रडता हसल्या.

बाहेर मोठ्या सिस्टर उभ्याच होत्या. "हे नसते लाड कोणी सांगितले तुला? तुझा शेरा मीच देणार आहे, लक्षात ठेव."

पाहुणी म्हणाली, "द्या. त्या घाणीची मला किळस येते, अजूनही येते. पण ती धुतली की जाते. तुम्ही जे बोललात ते कशानं धुवायचं?"

दुसऱ्याच दिवशी तिला दुसऱ्या वॉर्डात धाडले. जाण्यापूर्वी तिने मला घासूनपुसून आजींच्या उशाशी स्टुलावर ठेवले. आता घंटा वाजवून कोणी आले नाही, की आजी मला उचलतात आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर दणादण हाणतात. सारा वॉर्ड दणाणतो. मदतनीस तोंड वाकडे करत येतात, पण येतात. मला दोन पोचे आले आहेत. असू देत.

मित्रांनो, किळस यायचीच. ती काही पाप नाही. तोंड वाकडे करा, हवे तर बाजूला जाऊन ओका. पण अंथरुणातून कोणाची हाक आली, की उठा. लवकर उठा.