चोर स्विच

गाडीत काही बिघाड नव्हता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मला बिचारा समजाल.

पेठ रोडला माझं गॅरेज आहे. लोक मला झुंबरनाना म्हणतात. जुन्या गाड्यांच्या वायरिंगमध्ये नाशकात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी स्वतःच सांगत फिरतो. मोतीरामची बावीस वर्षांची मोटारसायकल माझ्याच हाताखालची. त्याचा मळा इथून आठ किलोमीटरवर, झेंडूचा आणि शेवंतीचा. घरात बायको लंकाबाई आणि पोरगा समाधान. समाधान तिशीला आला तरी बाटली काही सुटत नव्हती.

उन्हाळ्यात त्याचा मला फोन आला होता. "नाना, मावशी वारली, गाडी चालू व्हईना, कायतरी करा." हातातलं काम टाकून मी मळ्यात गेलो आणि फ्यूज बदलून दिला. दुसऱ्या दिवशी ती वारलेली मावशी माझ्याच गॅरेजसमोर मेथी विकत बसली होती! आणि समाधान रात्री पिऊन गाडीसकट नाल्यात पडला होता. पायात सळई घालावी लागली. त्यानंतर मोतीराम माझ्याकडे आला.

"नाना, चोर स्विच बसव. चोरासाठी नाय, आपल्याच लेकरासाठी."

चोर स्विच म्हणजे लपवलेलं बटण. ते बंद असलं की लाइट लागतो, हॉर्न वाजतो, पण प्लगला करंट जात नाही. किक मारून मारून माणूस थकतो. मी ते सीटखाली, बॅटरीच्या मागे असं बसवलं की मलासुद्धा चाचपून शोधावं लागलं. "कुणाला सांगायचं नाय," मोतीराम म्हणाला, "लंकालाबी नाय. ती पोरापुढं पाघळती." मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायला मिळालं की माणसाला उगाच मोठं झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी पूजा, त्यामुळे ज्याला त्याला गाडी आजच हवी. अकराच्या सुमाराला समाधानचा फोन आला.

"नाना, आईला नाग डसला. झेंडू तोडताना. गाडी चालू व्हईना. काय करू, लवकर सांगा."

मला हसू आलं. खरंच आलं, खोटं कशाला बोलू? मावशी झाली, आता आई, असं मनात आलं. मी म्हटलं, "मग वस्तीवरची पिकअप घे की."

"सगळ्या गाड्या फुलं घेऊन गणेशवाडीच्या बाजाराला गेल्यात. बाबाबी तिकडंच हाय, फोन उचलत नाय. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय, तासभर लागंल म्हणत्यात."

उत्तर चोख होतं. लबाडाची उत्तरं चोखच असतात, असा माझा हिशेब. तरी त्याला थांबायला सांगून मी मोतीरामला एकदा फोन लावला. बाजाराच्या गलक्यात त्यानं उचलला नाही. दुसऱ्यांदा लावायचं माझ्या जिवावर आलं. मग मी समाधानला कामाला लावलं.

"फ्यूज बघ." फ्यूज चांगला होता. "हॉर्न वाजतो?" वाजत होता. "आता प्लग काढ. टोपी लावून इंजिनाला टेकव आणि किक मार. ठिणगी दिसते का?"

"नाय दिसत, नाना."

"कॉइलची वायर हलवून बघ. हँडलखालचं सॉकेट काढ, फुंकर मार, परत बसव."

एकेक सांगत गेलो आणि इकडे एका गाडीची चेन आवळत राहिलो. वीस-पंचवीस मिनिटं हेच चाललं. मधेच पलीकडून बाईचा आवाज आला, "समाधान, डोळं उघडंना रे माझं." मी मनात म्हटलं, लेकानं नाटकात बाईसुद्धा आणलीय.

मग तो रडायला लागला. ढसाढसा. तेव्हा चेन तशीच सोडून मी उभा राहिलो. "सीट काढ," मी ओरडलो, "बॅटरीच्या मागं हात घाल!" पण फोन केव्हाच बंद झाला होता. पुन्हा पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. नंतर कळलं, सळई घातलेल्या पायानं तो आईला पाठीवर घेऊन रस्त्याकडे निघाला होता. दूधवाल्याची गाडी मिळाली, पण दवाखान्याच्या दारातच लंकाबाई गेली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

रामकुंडावर दहाव्याला मोतीरामनं मला बाजूला घेतलं. "त्यानं तुला फोन केलता म्हणं?" मी मान हलवली. त्यानं पुढे काही विचारलं नाही. "स्विचचं बोलू नको नाना. मीच तिला मारली. पोराला कळलं तर पोरगंबी जाईल माझं."

तेरावं झाल्यावर समाधान आला. आठ किलोमीटर गाडी ढकलत आणलेली, डोकं भादरलेलं, अंगाला दारूचा वास नाही.

"नाना, फॉल्ट काय होता त्यो मला दावा. तुम्ही बरोबर सांगत होता. माझेच हात लय कापत होते, मलाच प्लग नीट धरता आला नाय. मीच मारली आईला."

कॉइल बदलल्याचं सोंग करता आलं असतं. मोतीरामला दिलेली शपथ मोडली नसती आणि माझी अब्रूही राहिली असती. पण बाप म्हणतो मी मारली, पोरगा म्हणतो मी मारली, आणि मी मधे पाना घेऊन उभा. मला ते सोसवेना. मी सीट काढली आणि त्याचा हात धरून बॅटरीच्या मागे नेला.

"दाब. आता किक मार."

पहिल्याच किकला गाडी चालू झाली. समाधान हसला. "सापडला का, नाना?" मग त्यानं वाकून ते बटण पाहिलं.

"हे कुणी बसवलं?"

"मी. तू नाल्यात पडलास त्यानंतर. तुझ्या बापानं सांगितलं म्हणून."

"म्हंजे मी फोन केला तवा तुम्हाला ठावं होतं."

"हो. मला वाटलं, तू खोटं बोलतोयस."

वाटलं, आता पाना उचलून डोक्यात घालील. घातला असता तर बरं झालं असतं. त्यानं गाडी बंद केली. बटण पुन्हा होतं तसं बंद केलं, सीट बसवली आणि नट स्वतःच्या हातानं आवळले.

"बाबाला सांगू नका, मला कळलं म्हणून," तो म्हणाला. "रोज गाडीपाशी जाऊन रडतो म्हातारा. का ते आज समजलं. मला कळलंय हे त्याला कळलं, तर तो जगायचा नाय. फॉल्ट घावलाच नाय म्हणून सांगा."

आणि एका किकला चालू होणारी गाडी ढकलत, लंगडत, तो पेठ रोडला लागला. मळ्यापर्यंत आठ किलोमीटर होते, आणि त्याला हाक मारायला मला तोंड नव्हतं.