रंग उडवणारं गाव

रंगाऱ्याच्या गावात ऊन म्हणजे लांबचा पाहुणा. येतो येतो म्हणायचा आणि यायचाच नाही. आलाच तर उंबऱ्यावरूनच "बरं चाललंय ना?" विचारून पसार. बाकी बारा महिने डोक्यावर ढगांची गोधडी. कपडे शेगडीपाशी वाळायचे, त्यामुळे सगळ्या गावाला एकच वास यायचा. नवरदेव असो की पोस्टमन, धुरकट तो धुरकटच.

अशा गावात आपल्या रंगाऱ्याने दुकानावर पाटी लावली होती: 'रंग उन्हात उडाल्यास पैसे परत.' आजवर एकही गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. येणार कुठून? रंगाऱ्याला वाटायचं, हा आपल्या हाताचा गुण. बायकोला खरं कारण कळत होतं, पण नवऱ्याचं एखादं सुख न शिवता तसंच ठेवावं, अशा मताची ती होती.

त्यांना मुली दोन. थोरली सात वर्षांची, दिवसभर प्रश्न विचारायची, म्हणून तिचं नाव पडलं चौकशी. धाकटी दोन वर्षांची झाली तरी उभी राहत नव्हती. ठेवाल तिथे बसायची आणि गोड हसायची. तिला सगळे गाठोडं म्हणायचे. म्हणताना हसायचे, पण हल्ली ते हसू घशाखाली उतरत नव्हतं.

डॉक्टरांनी गाठोड्याचे पाय हळूच दाबून पाहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हाडं मऊ आहेत. थेंब देतोय, ते चालू ठेवा. पण हिला उघड्यावर खेळवा, उन्हात."

"उन्हात?" रंगाऱ्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीत ढग बसला होता.

"तेच म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "जमत असेल तर गाव बदला. पोरगी लहान आहे तोवर."

त्या संध्याकाळी नातेवाइकांना फोन झाले. समुद्रकाठची आक्का म्हणाली, "अरे, आमच्यासारखं ऊन जगात नाही." डोंगरावरचा साडू म्हणाला, "आमच्याइतकं जवळचं ऊन तुम्हाला दुसरीकडे मिळणारच नाही. आम्ही वर राहतो ना!" माळरानावरची बायकोची आत्या म्हणाली, "जावईबापू, तुम्ही या तर खरं."

"आपलं गाव म्हटलं की सगळे वकील होतात," रंगारी फोन ठेवत म्हणाला. "माणसाला नाही विचारायचं. कापडाला विचारायचं. कापड खोटं बोलत नाही."

रंग पक्का की कच्चा, हे पाहायची रंगाऱ्यांची एक रीत असते. पट्टीचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकायचा, अर्धा उघडा टांगायचा. महिन्याने पुठ्ठा काढायचा. दोन भागांत जेवढा फरक, तेवढी उन्हाची ताकद. पण त्यासाठी उडणारा रंग हवा, आणि कच्चा रंग करायचा म्हणजे रंगाऱ्याच्या जिवावर आलं. हंड्यासमोर तो असा उभा राहिला, जणू स्वतःच्याच घरी चोरी करायची आहे. शेवटी डोळे मिटून त्याने रंग पक्का करायची तुरटी वगळली. आणि काय सांगावं, आयुष्यात केला नव्हता इतका सुंदर गुलाबी रंग उतरला! चौकशीसुद्धा प्रश्न विसरली. गाठोड्याने दोन्ही हात पुढे केले.

तीन पट्ट्या तीन गावांना गेल्या. सोबत सूचना: महिनाभर उघड्यावर टांगा. बाकी काहीही करू नका.

आता, नातेवाइकांना काहीही करू नका म्हणून सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण सांगणं.

आक्काची पट्टी परत आली ती पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची. झाकलेला भागही पांढरा. रंगाऱ्याला आनंदाने उडीच मारावीशी वाटली. पुठ्ठ्यातून आरपार जाणारं ऊन! त्याने फोन लावला.

"अरे, किती मळली होती ती!" आक्का म्हणाली. "लोक काय म्हणतील? चांगली पावडर टाकून उकळून काढली. पुठ्ठ्याचा मात्र लगदा झाला बाबा, तेवढं बघ."

साडूची पट्टी अर्धीच आली. कडेला दातांच्या खुणा.

"शेजाऱ्यांची शेळी," साडू म्हणाला. "पण साडूभाऊ, विचार करा! शेळीने उन्हातलीच बाजू खाल्ली. पुठ्ठ्याला तोंडसुद्धा लावलं नाही. म्हणजे आमच्या उन्हात चव आहे!"

आत्याची पट्टी सगळ्यात शेवटी आली. रंगाऱ्याने पुठ्ठा काढला. इकडे गुलाबी, तिकडेही तितकीच गुलाबी. फरक शोधायला भिंग आणलं, तरी काही दिसेना. वर डांबराच्या गोळ्यांचा वास.

"बाद," रंगारी म्हणाला. "तिथे ऊन नाहीच. आपल्यासारखंच गाव. म्हातारी उगाच फुशारक्या मारते."

बायकोने फोन ओढून घेतला. "आत्या, पट्टी बाहेर टांगली होतीस ना गं?"

"वेडी की काय तू?" आत्याचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला. "इतका देखणा रंग! जावईबापूंनी हाताने केलेला! तो मी उन्हात टांगू? आमच्या उन्हात दोन दिवस टिकला नसता. मी आपली ट्रंकेत ठेवली, साड्यांच्या मधोमध. दुपारी ट्रंकसुद्धा उघडली नाही."

रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. एक उकळली, एक शेळीच्या पोटात, एक ट्रंकेत. कापड खोटं बोलत नाही, पण त्याला बोलू तर द्यायला हवं ना! कोपऱ्यात गाठोडं बसल्या जागी गोड हसत होतं. रंगाऱ्याला तिच्याकडे बघवेना.

"अहो, आपण आत्याकडे जायचं," बायको म्हणाली.

"अगं, तिची पट्टी तर कणभरही उडली नाही!"

"म्हणूनच. आपल्या गावात रंग जाईल म्हणून कधी कुणी कापड लपवून ठेवलंय का? तुमच्या पाटीला एवढी वर्षं झाली, उन्हाच्या भीतीने एक तरी बाई झोपेतून दचकून उठली का?"

रंगाऱ्याने पट्टी पुन्हा हातात घेतली. त्या बिनडाग गुलाबी पट्टीकडे तो बघतच राहिला. जे ऊन पट्टीला शिवलंसुद्धा नव्हतं, ते त्याला तिच्यात दिसायला लागलं.

पाटी काढताना त्याने ती कापडात गुंडाळली आणि कुणाला न दाखवता सामानाच्या तळाशी सरकवली.

माळरानावर ते पोहोचले ते सकाळी. आत्याने मागच्या दोन खोल्या झाडून ठेवल्या होत्या. बायकोने अंगणाचं दार उघडलं आणि चौघंही उंबऱ्यावरच थांबली. आकाश एवढं मोठं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. गावाकडे ते छपरापाशीच संपायचं. इथे त्याला अंतच नव्हता, आणि त्या सगळ्यातून ऊन खाली सांडत होतं, फुकट, न मागता. भिंतीवरची मुंगीसुद्धा सावली घेऊन चालली होती.

"बाबा, हे रोज असतं?" चौकशीने कुजबुजून विचारलं, देवळात विचारावं तसं.

रंगाऱ्याने गाठोड्याला नेऊन उन्हात बसवलं.

पहिल्याच आठवड्यात त्याच्या निळ्या सदऱ्याचे खांदे राखाडी झाले. कॉलर वर केली की खाली जुना निळा दिसायचा. दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या हिरव्या पडद्याने मान टाकली. पाटी सामानातून बाहेर आलीच नाही. गिऱ्हाइकाने विचारलं, "रंग पक्का ना?" तर रंगारी म्हणायचा, "हिवाळ्यापुरता." आणि गंमत म्हणजे लोक हसून कापड ठेवून जायचे. असं खरं बोलणारा रंगारी त्यांनी पाहिला नव्हता.

ती गुलाबी पट्टी त्याने अंगणातल्या दोरीवर टांगली, अर्धी झाकून, रीतीप्रमाणे. तिच्याखाली सकाळच्या उन्हात गाठोडं बसायचं. पट्टीची सावली जमिनीवर हलायची आणि गाठोडं ती पकडायला धडपडायचं. मूठ मारायची, उघडून बघायची. रिकामी! पुन्हा मारायची. कधी बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत सावलीमागे जायची. पोरगी लगेच उभी राहिली असं सांगितलं असतं तर छान झालं असतं, पण हाडांना घाई नसते. हिवाळा गेला. पट्टीचा उघडा भाग आधी फिका झाला, मग पांढरट, मग दुधासारखा.

एका सकाळी रंगारी हंडा ढवळत होता. गाठोड्याने सावलीवर मूठ मारली, आणि कधी नव्हे ते वर पाहिलं. सावलीचा मालक वर लटकत होता. तिने भिंतीला हात लावला. एक गुडघा उचलला, दुसरा उचलला. पाय लटलटले. रंगाऱ्याच्या हातातलं ढवळणं थांबलं. पळत जावं तर ती दचकेल, ओरडावं तरी दचकेल. गाठोडं उभं राहिलं, हात लांबवला आणि पट्टीचं टोक घट्ट धरलं.

तेवढ्यात आत्या दारात आली. तिची नजर आधी पट्टीवर गेली.

"नासवलीत ना शेवटी!" ती कडाडली. "मी म्हटलं होतं, जावईबापू! एवढा देखणा रंग..."

आणि मग तिला पट्टी कुणी धरली आहे ते दिसलं. आत्या तिथेच, भर उन्हात, मटकन खाली बसली.