ढोलक बंगळूरला, भजन वर्ध्याला

आमच्या मंडळाचं नाव प्रभात महिला भजन मंडळ, आणि आम्ही बसतो रविवारी दुपारी. नाव ठेवणारीच्या अकलेचं कौतुक करावं तेवढं थोडं. ती मीच.

मी सरोजिनी. मी पेटी वाजवते, आणि उभा जन्म शाळेत पोरांवर ओरडण्यात गेल्यामुळे मंडळाची अध्यक्षही मीच आहे. आमची ढोलकवाली नमिता. ती केहरवा वाजवायला लागली की पाय दुखतात म्हणून खुर्ची मागणाऱ्या बायाही डोलायला लागायच्या. तर ही नमिता मागच्या वर्षी लेकाकडे बंगळूरला गेली, नातू सांभाळायला. ढोलक सोबत घेऊन गेली.

जाताना मला म्हणाली, “ताई, माही जागा कोणाले देऊ नका. मी फोनवरून वाजवीन.”

“फोनवरून कुठं ढोलक वाजते का?”

“सारं जग फोनवर शिकून राह्यलं, शिकवून राह्यलं. आपण काऊन नाई?”

पहिल्या रविवारी फोन पेटीला टेकवून ठेवला, व्हिडिओ कॉल लावला आणि भजन सुरू केलं. नमिताची प्रत्येक थाप उशिरा! आम्ही तिच्यासाठी थांबलो, आम्ही थांबलेलं ऐकून तीही थांबली, आणि असं एकमेकींना मान देता देता भजन जागच्या जागी बसलं.

मग वर्षाली कामाला लागली. ही आमच्यातली सर्वांत लहान, बँकेत नोकरीला, म्हणून नेटवरचं सगळं खातं तिच्याकडे. काय काय नसतं तिथं! एक सर पेटी शिकवतात, त्यांचे फक्त हात दिसतात. एक मुलगी तानपुरा जुळवायला शिकवते. एक गृहस्थ अर्धा वेळ ‘चॅनेलला सबस्क्राइब करा’ म्हणतात आणि उरलेल्या वेळात त्यांना सा सापडत नाही. या पसाऱ्यात वर्षालीला एका बाईंचा फुकट धडा सापडला: दूर बसून साथ कशी करावी. आवाजाला नेटवरून यायला वेळ लागतो, त्या म्हणाल्या. म्हणून गाणाऱ्यांनी वाद्याकडे लक्ष द्यायचं नाही, आपली लय सोडायची नाही. आणि वाजवणारीनं कानावर येईल त्याच्या थोडं आधी वाजवायचं.

मला नियम मिळाला की मी सोडते थोडीच. वर्षभर मी बायांवर ओरडले, “नमिताकडं लक्ष देऊ नका! आपलं गा!” आणि नमिता तिकडे आधी वाजवायला शिकली. हे काही सोपं नाही. तिच्या कानाला सगळंच बेताल ऐकू यायचं, पण आमच्याकडे थाप बरोबर समेवर पडायची. बाई जिद्दीची आहे, हे मी तेव्हाही म्हणत होते.

पण एका रविवारी नेट गेलं आणि वर्षालीनं मोबाईलमधलं ढोलक वाजवणारं ॲप लावलं. हवी ती लय, हवा तो ठेका. चुकणं नाही, रुसणं नाही, “ताई, आवाज येऊन राह्यला का?” असं दर दोन ओळींनी विचारणं नाही. बायांमध्ये कुजबुज सुरू झाली की मग बंगळूरची कटकट हवी कशाला? खोटं कशाला बोलू, मलाही ॲप आवडलं.

शेवटी असं ठरलं की वर्ध्याजवळच्या अल्लीपूरच्या भजन स्पर्धेला नमितानं यावं. तिथं जमलं तर जागा तिची, नाही तर ॲपची. हे सांगायला फोन मीच केला. ती म्हणाली, “बरं. रिझर्वेशन करतो मी.” मला फार वाईट वाटलं, पण अध्यक्षाला वाईट वाटून चालत नाही.

तिची गाडी इतकी उशिरा आली की तालीम झालीच नाही. स्टेशनवरून तिला जीपमध्ये घातलं ते थेट अल्लीपूरच्या मांडवात. आमचं नाव पुकारलं, मी पेटीवर सूर धरला, बायांनी तोंड उघडलं, आणि नमिताची थाप आमच्या आधी पडली.

मला वाटलं, प्रवासाचा थकवा. पण दुसरी थापही आधी, तिसरीही आधी. ती पुढे आणि आम्ही मागे, जसं काही दोन मंडळं दोन भजनं म्हणताहेत. बाया मात्र ढिम्म! वर्षभराच्या सवयीनं कोणी तिच्याकडे बघतही नव्हतं. परीक्षकांनी पेन उचललं. वर्षालीनं मोबाईल काढला, ॲप उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. नमितानंही ते पाहिलं. घाबरून ती आणखीच आधी वाजवायला लागली.

आणि मला एकदम कळलं. ही बाई अजून बंगळूरहूनच वाजवत होती. आम्हाला वेळेवर भेटावं म्हणून वर्षभर ती आधी निघत होती. आणि आम्ही वर्षभर तिचं ऐकत नव्हतो, माझ्याच हुकमावरून.

मी पेटी थांबवली. बायाही थांबल्या.

“ताई, मध्येच थांबलात तर स्पर्धेतून बाद,” परीक्षक म्हणाले.

“करा बाद,” मी माईकवरच म्हटलं आणि नमिताकडे वळले. “नमे, मधात आता फोन नाई. मी इथंच बसली आहो, तुह्या बाजूले. तू सुरू कर. आन् तुम्ही साऱ्या जणी तोंड मिटून तिचं ऐका. मंगच गा.”

तिनं पदरानं हात पुसले. पहिल्या थापा चाचपडत पडल्या. मग केहरवा मांडवभर पसरला. समोरच्या सतरंजीवरची माणसं टाळ्या धरायला लागली आणि आम्ही तिच्या मागून गाण्यात शिरलो. असं भजन आमचं कधी झालं नव्हतं. मला रडू आलं, आणि पेटी वाजवताना डोळे पुसता येत नाहीत.

बाद झालोच. परतीच्या जीपमध्ये नमिता ढोलक मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, “मंग माह्या जागेचं काय ठरलं ताई?”

“जागा तुहीच.”

“पण परवा तं मी चालली बंगळूरले.”

“मंग ऐतवारी फोन लावजो. पण आता उलटं करू. तू आमच्याकडं लक्ष द्यायचं नाई, आपली लय धरून वाजवायचं. आमी तुह्या मागं गाऊ.”

तिनं मनातल्या मनात हिशेब केला. “म्हंजे तुमचं गाणं मले उशिरा ऐकू येईन.”

“हो. चालते का तुले?”

“चालते न जी,” ती म्हणाली. “तिथं दिवसभर माह्याशी बोलते कोण? तुम्ही उशिरा का होईना, ऐकू तं येता.”